आवाज आला की बटण दाबा

दुसऱ्या वर्षी कानातली तीन हाडं शिकवली.
हातोडा, ऐरण, रिकीब.
वहीत काढताना वाटलं, पहिली दोन तर बाबांच्या ओळखीची.
अंतोफागास्ताच्या वर, वाळवंटात, तांब्याच्या खाणीत
सात दिवस तिकडे, सात दिवस घरी,
अशी बावीस वर्षं.

बुधवारी आमच्या दवाखान्यात आमारो येतो, वय सहा.
त्याला र घोळवता येत नाही.
आमच्या भाषेत 'पेर्रो' म्हणजे कुत्रा,
'पेरो' म्हणजे पण.
"घरी माझा एक पण आहे," तो सांगतो,
"काळा पण. चावत नाही."
मी त्याची जीभ टाळूला टेकवायला शिकवते
आणि मनात म्हणते, राहू दे की,
न चावणारा पण कोणाकडे असतो?

परीक्षेला मात्र मोठं माणूस आणायचं होतं.
घरचं चालेल, म्हणाल्या बाएसा बाई.
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले,
घाईनं केलेल्या दाढीचा एक लाल ठिपका गालावर.
काचेपलीकडच्या खोलीत ताठ बसले,
जणू गुण त्यांनाच मिळणार होते.

"आवाज आला की बटण दाबा.
अगदी बारीक आला तरी."
हजारावर दाबलं. दोन हजारावर दाबलं.
चार हजारावर मी नुसती पुढे झुकले,
सूर अजून सोडलाच नव्हता,
तरी दाबलं.

मी आलेखावर लाल गोल काढत गेले,
एका ओळीत, शहाण्या मुलांसारखे.
बावीस वर्षांच्या सुरुंगांनंतर
असा कान?
बाई मागून हळूच म्हणाल्या,
"त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरव."

तेव्हा समजलं,
ते माझा खांदा ऐकत होते.

फिरवली खुर्ची.
पन्नास. साठ. सत्तर.
शर्टाच्या कॉलरवर रापलेली मान,
अंगठा बटणावर तयार,
आणि अंगठा तिथेच.

पुस्तकात बोलण्याचे सगळे आवाज
एका केळ्याच्या आकारात बसवलेत.
त्याच्या पार टोकाला, जिथे साल काळी पडते,
तिथे स आहे.
आमच्या देशात तसाही स कोण धड उच्चारतं?
शब्दाच्या शेवटी आला तर गिळूनच टाकतो,
म्हणून घरात कोणाला पत्ता लागला नाही.
माझं नाव येसेनिया.
बाबा 'येनी' म्हणतात.
मला ते लाडाचं वाटायचं.

निष्कर्ष समजावून सांगायला वेगळे गुण असतात:
समोर बसून, न ओरडता, सोप्या शब्दांत.
मी केळं काढून दाखवलं, टोक खोडलं.
बाबांनी मान डोलावली,
प्रत्येक वाक्याला,
न संपलेल्या वाक्यांनाही.
सातपैकी सहा मिळाले.
"पास?" त्यांनी विचारलं.
"कोण, तुम्ही?"
"तू गं."

बाहेर समुद्राचं धुकं वर चढत होतं.
आमच्याकडे पाऊस नाही, एवढाच काय तो ओलावा.
शर्टाची इस्त्री मोडत चालली होती.
ते चालता चालता म्हणाले,
"मग त्या केळ्यातलं माझ्याकडे उरलंय किती?"
"बरंच. मधलं सगळं."

मी पाण्याकडे बघत बोलले होते.
दोन वर्षं शिकून, सहा गुण मिळवून,
पाण्याकडे बघत.

थांबले. त्यांच्या पुढ्यात आले.
पुन्हा सांगितलं, ओठ सावकाश हलवत.
"ऐकलं होतं पहिल्यांदाच," ते म्हणाले,
माझ्या खांद्याकडे बघत.