दोन घरचा पाहुणा

पुन्ता अरेनासला वारा सुटला की
माणसं दोरीला धरून चौक ओलांडतात.
अशा एका दुपारी विंको बारिया
टेबलाखाली गुडघे टेकून बसलाय,
तोंडात टॉर्च, हातात केबल,
पाठीवर मांजर.

वर तीन पडदे.
डाव्यावर सामुद्रधुनीचं शिसवी पाणी,
मधल्यावर जहाजाचं नाक,
उजवा काळा.
‘सिग्नल नाही’ एवढीच एक चौकट त्यावर
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
बाटलीत अडकलेल्या माशीसारखी.

एकोणतीस वर्षं टगबोटीवर काढली त्यानं.
निवृत्त झाल्यावर समुद्र घरात आणला,
खेळातला का होईना,
पण तिन्ही बाजूंनी दिसेल असा.
नवं ग्राफिक्स कार्ड पेन्शनीतून,
जुनं भाच्यानं फेकायला काढलेलं.
दुकानातला ओयार्सून म्हणाला होता,
‘दोन वेगळ्या कंपन्यांची? करून बघा.’
‘करून बघा’ म्हणजे काय
हे करून बघणाऱ्यालाच कळतं.

एका म्यानात दोन तलवारी म्हणावं,
तर तलवारी कसल्या, शेजारणी दोघी.
एकीचा ड्रायव्हर घरात आला
की दुसरी दाराला कडी लावते.
सकाळी जुनीच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता.
त्यानं ड्रायव्हर काढला, जुनाच पुन्हा घातला,
संगणक बंद, संगणक चालू,
मधे माते प्यायला.
त्रिकोण गेला. काळोख राहिला.

मग त्याला पडद्याचाच संशय आला.
दुसरी केबल आणून नव्या कार्डाला जोडली,
पडद्याच्या मागचं बटण दाबलं,
तर पडदा लख्ख.
म्हणजे हा निर्दोष.
केबल उपसली, पुन्हा जुनीकडे वळला,
कान लावून पंखा ऐकला.
फिरतोय.
पण फिरण्यावर त्याचा विश्वास नाही,
इंजिनं बघितलीत त्यानं,
फिरतात, आणि ओढत नाहीत.

सेटिंगमध्ये मात्र तिन्ही चौकोन शहाण्यासारखे
शेजारी शेजारी: एक, दोन, तीन.
संगणकाला तिसरा दिसतो.
माऊस उजवीकडे नेला की
काठावरून काळोखात पडतो,
ओढला की परत येतो,
तिकडचं काही न सांगता.

साडेचारला फोनची घंटा वाजली, संगणकातच.
अंदाजानं त्यानं एंटर दाबलं.
‘बाबा?’
आवाज आहे. विंडो कुठेच नाही.
‘यास्ना, तू आंधळ्या बाजूला उघडलीस.’
‘मला तर तू दिसतोयस.
केसांत काय आहे ते, जाळं?’
तो केस झटकतो. तिकडे अंतोफागास्ताला
हसू येतं, इथे नुसतं ऐकू.

त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून,
बंदराच्या नियंत्रण कक्षाला सांगावं तसं,
वेळेसकट.
ती बराच वेळ गप्प.
‘त्या पडद्याच्या मागे किती केबल आहेत?’
‘दोन.’
‘दोन कशाला?’

वाऱ्यानं पत्रा वाजवला.
विंकोनं दुसऱ्या केबलीचा माग काढला,
टेबलामागून, हीटरला वळसा घालून.
तिचं दुसरं टोक
कशातच नव्हतं.
त्यावर मांजर बसलं होतं.

जुनं कार्ड दुपारपासून वाढून बसलंय
आणि पाहुणा दुसऱ्याच दाराशी,
जिथे चूलच पेटलेली नाही.
दोन घरचा पाहुणा.

बोटानं चाचपत त्यानं मागचं बटण दाबलं.
एकदा. पुन्हा एकदा.
उजवीकडे आली ती,
टेबलाएवढी, ओले केस टॉवेलात,
तोंडात अर्धी पोळी, बटरची.
मघापासून त्याच्याचकडे बघत होती.

‘जेवलास का?’

त्यानं घड्याळाकडे पाहिलं.
मधल्या पडद्यावर
कुणाचं लक्ष नसताना
जहाज वाळूला लागलं होतं.