हवामान, पहाटे पावणेपाचला

नोएमियाला मी पाहिलं ते एकदाच,
आणि तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

त्याआधीची सहा वर्षं ती म्हणजे
माझ्या होडीतला चिकटपट्टीने बांधलेला रेडिओ.
पावणेपाचला खरखर, मग तिचं खाकरणं,
मग ग्रासिओझा बेटाच्या उत्तरेला वारा किती, लाटा किती,
पाऊस नाही, धुकं दहापर्यंत.
आकडे संपले की एक श्वास घ्यायची
आणि काहीबाही सांगायची:
इल्दाबाईंची गाय रात्री व्याली, कालवड झाली.
घाटाच्या दुसऱ्या वळणावर दगड सुटलेत, जपून.
आज आईने कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. मी प्यायले.

मुख्य कचेरीतून पत्र आलं:
हवामानवार्तेत गायी नकोत.
दुसऱ्या पहाटे तिने ते पत्रच वाचून दाखवलं,
वाऱ्याचा वेग सांगावा तसं, एका सुरात,
खालच्या सही-शिक्क्यासकट.
आणि म्हणाली, गाय व कालवड दोन्ही खुशाल.
त्या दिवशी चाळीस होड्यांवर माणसं
जाळं टाकायचं सोडून हसत होती.

माझी बायको मुलाकडे कॅनडाला गेली
ती तिथलीच झाली.
घरी "आलास का" विचारायला कोणी नाही.
नोएमिया रोज शेवटी म्हणायची, "येताना सावकाश."
सगळ्यांनाच म्हणायची.
ठाऊक आहे मला. तरी.

डोक्यातली एक बारीकशी नस.
दुपारची वेळ, अंगणात सायकलला हवा भरत होती,
पंप तसाच राहिला चाकाला लागलेला.
समुद्र त्या दिवशी तळ्यासारखा होता.
तिनेच सांगितलं होतं पहाटे.

मी कल्पना करून ठेवली होती ती उंच मुलीची,
खांदे रुंद, आवाजाला शोभतील असे.
पेटीत होती ती चणीने एवढीशी,
केस पोरासारखे कापलेले,
हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण.
क्षणभर वाटलं, चुकीच्या घरात शिरलो,
टोपी हातात घेऊन मागे सरलो,
तेवढ्यात कोणीतरी कॉफीचा कप दिला.
तिची आई होती.
मी घोट घेतला तर ती माझ्या तोंडाकडे बघत उभी.
म्हणालो, "मीठ नाही."
त्या बाईला रडू फुटलं आणि हसूही,
आधी कुठलं, मला सांगता येणार नाही.

बंदरावर एक काळा दगड आहे,
समुद्राने नेलेल्यांची नावं कोरलेला.
माझ्या बापाचं वरून सातवं.
तिचं नाव तिथे कोरायचं का, यावर सभा भरली.
पाद्री म्हणाले, ती बुडाली नाही.
कोणी म्हणालं, मग काय झालं, आपलीच होती.
आवाज चढले, खुर्ची पडली.
मी सहसा बोलत नाही.
उठून एवढंच म्हणालो, दगड नीट बघून या.
सहा वर्षांत एकही नवं नाव नाही त्याच्यावर.
तिचं नाव तिथे नको.
तिने राखलेली ती जागा
कोरीच राहू दे.

लोक गप्प झाले. पटलं का, कोण जाणे.
निर्णय पुढच्या सभेवर गेला, अजून तिथेच आहे.

आता दुसऱ्या बेटावरून एक गृहस्थ वाचतात.
स्वच्छ वाचतात. खाकरत नाहीत.
आकडे संपतात आणि खट्‌कन रेडिओ बंद होतो,
श्वासाएवढीसुद्धा जागा उरत नाही.
ती मीच सोडतो.
नांगर ओढायच्या आधी, अंधारात,
बटण न दाबता, कोणालाही ऐकू जाणार नाही असं
काल म्हणालो,
इल्दाबाईंची ती कालवड व्याली गं.
गोऱ्हा झाला.