पुढचं दिसतं का

बॅलार्ड पिअरला दुसऱ्या मजल्यावर
माझं ऑफिस. पंखा, टेबल, खिडकीत गोदीची क्रेन.
बेटं विकत नाही मी.
शिडाची होडी देते आठ दिवस भाड्यानं,
हवा तर कप्तानासकट.

कोठारे नवरा-बायको आले मंगळवारी,
इस्त्रीच्या कपड्यांत, जणू मुलगी बघायला.
मी नकाशा पसरला. तो गुंडाळायला बघतो नेहमी,
म्हणून कोपऱ्यांवर स्टेपलर, पंच, माझा चष्मा
आणि त्यांनीच आणलेला नानकटाईचा पुडा.

पहिल्यांदा जाणारे विचारतात
पाणी खरंच एवढं निळं का,
संडास होडीतच का.
कोठाऱ्यांनी विचारलं, "भरती-ओहोटीत फरक किती?"
छत्तीस वर्षं बंदराच्या कचेरीत
भरतीच्या वेळा लिहिल्या त्यांनी.
तास, मिनिटं, मीटर, पुढे दोन दशांश.
उधाण कधी, भांग कधी, झोपेत विचारा.
आणि होडीत?
"रेवसला गेलो होतो. एकाहत्तर साली. लाँचनं."

मग माझं नेहमीचं सुरू झालं.
मालदीव: बेटं बशीसारखी चपटी,
जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत,
आणि प्रवाळ पाण्याखाली दात काढून बसलेलं.
फुकेतच्या आतली खाडी: डिसेंबर ते मार्च,
उभे कडे, मऊ पाणी,
वारा मात्र कधी एवढा पडतो
की शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबतं.
सेशेल्स: मे उलटला की आग्नेयेचा वारा
नवख्याला दमवतो. एप्रिल बरा.
होडी दोन धडांची घ्या, कलत नाही,
चहा कपातच राहतो.

मंदाकिनीबाई तोवर गप्प होत्या.
मग नकाशावर बोट टेकवून म्हणाल्या,
"या बेटावरून पुढचं दिसतं का?"

बारा वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.
मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, बाई,
अगदी हेच बघायचं असतं नवख्यांनी.
पुढचं बेट नजरेत असलं की सुकाणूवरचा हात थरथरत नाही.
दिसतं. सगळीकडे दिसतं. घाबरू नका.

"तसं नव्हे," त्या म्हणाल्या.
"माझं माहेर मुरूड. मागच्या दारातून जंजिरा दिसायचा.
धुणी वाळत घालताना, भांडी विसळताना.
दिसतोय की, जाऊ कधीतरी.
आई गेली, घर विकलं,
मी अजून गेले नाही.
मला न दिसणारं द्या."

कोठाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी क्रेनकडे.
नवख्यांना असं द्यायचं नसतं.
माझ्याच छापील पत्रकात, तिसऱ्या ओळीत, ठळक अक्षरांत आहे ते.

शेवटी म्हटलं, माहे ते प्रालँ घ्या.
एप्रिलात. कप्तान मी देते, म्हातारा आहे, बोलत नाही.
हवा धूसर असली तर मध्ये दीडएक तास
मागचंही दिसत नाही, पुढचंही.
"आणि धूसर नसली तर?"
तर मग माझा नाइलाज.

"दीड तास," कोठाऱ्यांनी डायरीत लिहिलं,
खाली रेघ मारली.
"तेव्हा भरती असेल की ओहोटी?"
"अहो, खा आधी," म्हणत
बाईंनी नानकटाईचा पुडा उचलला,
आणि तो कोपरा सुटून
अर्धा हिंदी महासागर
गुंडाळत माझ्या मनगटापर्यंत आला.