अर्धा लिटर

पहाटे साडेचारला म्हैस घेऊन कट्ट्यावर येतो.
मोरणी तिचं नाव, एकच शिंग वळलेलं.
गिऱ्हाइकासमोर धार काढतो, फेस ग्लासाच्या वर.
तालमीची पोरं ओळीनं पितात, कोवळ्या मिशा पांढऱ्या होतात.
नावं मला ठाऊक नाहीत. मापानं ओळखतो.
हा लिटर, तो पाव, तो उधारीवाला,
आणि खांबाला टेकून उभा असतो तो अर्धा लिटर.

दिवाळीनंतर अर्धा लिटरनं दूध सोडलं.
यायचा, नुसता उभा राहायचा,
फेसाकडं बघत एका बाटलीत थुंकायचा.
निवड चाचणी होती,
वजन अठ्ठेचाळीसच्या आत हवं होतं,
पाणी कालपासून बंद.
अंगात रेनकोट, त्यावर स्वेटर,
रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आलेला
आणि तरी थंडीनं कापणारा.

एकदा बादली उचलून द्यायला वाकला,
न सांगता वाकला, घरचं वळण चांगलं,
आणि बनियन वर सरकलं.

रबरी पायपाचे वळ मी ओळखतो.
माझ्याही पाठीवर आहेत, पंचवीस वर्षांचे,
त्याच तालमीतले, ह्या वस्तादाच्या वस्तादाचे.
बायकोला सांगितलंय, बैलगाडीवरनं पडलो होतो.

आम्ही म्हणायचो, वस्तादाचा मार म्हणजे प्रसाद.
आई मला सोडायला आली तेव्हा म्हणाली होती,
हाडं आमची, मांस तुमचं.
लई वर्षांनी कळलं, वाटणीत चूक होती.
कातडं कुणाचं ते ठरलंच नव्हतं.

तीन दिवस काही केलं नाही. हेही सांगायला हवं.
चौथ्या रात्री गोठ्यात, मोरणीच्या पोटाला टेकून,
एक शून्य नऊ आठ लावला.
लेकीच्या शाळेच्या भिंतीवर वाचला होता.
पलीकडं एक बाई, आवाज जागा.
मुलाचं नाव काय?
मी म्हणालो, अर्धा लिटर.
ती हसली नाही.
वय विचारलं, तालीम विचारली,
आत्ता या घडीला तो कुठं झोपलाय ते विचारलं.
मग म्हणाली, काका, जमलं तर नाव तेवढं काढा.
कुणी मारलं, कसं मारलं, ते खोदू नका,
ते विचारणारी माणसं आम्ही पाठवतो.
तो आपणहून बोलला तर ऐका.
तुमचं नाव आमच्याकडनं बाहेर जाणार नाही.

सकाळी ग्लास पुढं केला.
घे. वजनाचं मी बघतो, म्हणलं.
मी काय बघणार होतो, कुणास ठाऊक.
नाव काय रे तुझं?

त्यानं आधी तालमीच्या दाराकडं बघितलं.
मग म्हशीकडं.
"सुयोग. सुयोग बाजीराव धनवडे. धामोड."
मैदानात पुकारतात तसं, गावासकट.
आणि प्यायला. एका दमात.
बाटली गटारात उपडी केली,
दुसरा ग्लास मागितला.
मापात आता तो बसेना.

पुढचं लांबण आहे.
दोन बाया आल्या, एक माणूस आला, कागद झाले.
वस्ताद चौकात म्हणाले, घरभेदी कोण ते कळंल.
कळलं. पेठेत कळायला किती वेळ लागतो?
आता कट्ट्यावर रोज सहा लिटर उरतं.
सुयोग धामोडला आहे म्हणतात. खेळतो का, माहीत नाही.
तालमीत आता दुसरं कुणीतरी पोरगं खांबाला टेकतं,
त्याचं नाव मी पहिल्याच दिवशी विचारलं.

बायको उरलेल्या दुधाचा खवा आटवते,
चिडते, आटवते.
काल रात्री उलथनं कढईत फिरवता फिरवता
मागं न बघता म्हणाली,
ती बैलगाडी कुणाची होती हो?
तुमच्या घरात तर बैल कधीच नव्हता.

मी गॅस बारीक केला
आणि सदरा काढला.