अर्थिंग

पूर्णा जंक्शनला कुणाचाही देव घोगरा झाला
की माझ्या दुकानात येतो.
मशिदीचा अँप्लिफायर, विहाराचा माईक,
रेल्वे कॉलनीतल्या चर्चचा एकुलता एक स्पीकर,
ज्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं.
मी झाकण उघडतो, धूळ फुंकतो, डाग देतो.
कथलाचा धूर आधी उदबत्तीसारखा वाटायचा.
नववीतल्या रेवतीला डाग दिल्यापासून
नुसता धूर वाटतो.

अकरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात
त्याला किती हाका मारल्या, मोजल्या नाहीत.
परत आलो आणि देवघराच्या कडीला
वायर गुंडाळली. चांगली, तांब्याची.
सुलोचना काही बोलली नाही.
ती तेव्हापासून दिवा चुलीपाशी लावते.

मारुतीचा सेटही फळीवर तसाच.
गुरव दोनदा येऊन गेला.
"पार्ट मिळंना," म्हणालो.
पार्ट माझ्या खिशात होता.

अगाथाबाई टीचर स्पीकर न्यायला आल्या,
चिल्लर मोजता मोजता म्हणाल्या,
"बोलत नाहीस म्हणे त्याच्याशी? भांड मग.
आमच्यात निम्मी प्रार्थना भांडणाचीच असते."
हे सांगितलं तर भंतेजींना हसू आलं.
"आमच्याकडे तर तो नाहीच.
पण तुझा राग आहे ना? त्याच्याशेजारी बस जरा."
बसलो. माश्या हाकलत.
राग काही बोलला नाही.

मग वैशाखात मशिदीतून निरोप :
आवाजात घूं घूं यायलंय.
तीन दिवस शोधलं. कॅपॅसिटर बदलला, पिना बदलल्या,
अजानच्या शब्दांखाली ती घरघर तशीच,
गळा दाटून आलेल्या माणसाची.
हाफिज मोईज म्हणाले,
"मशीन चांगली आहे भाई. खाली बघा."

भिंतीमागं अर्थिंगचा खड्डा.
मीठ कधीच विरघळून गेलेलं, कोळसा ठणठणीत,
मातीच्या भेगांतून मुंग्यांची येजा.
तार शाबूत होती.
दोष तारेत नव्हताच.

नळ बारा दिवसांनी येतो. टँकरवर बाया एकमेकींच्या घागरी ढकलतात.
"ह्यात ओतायला पाणी कुठून आणू?"
हाफिजजींनी वजूखान्याच्या मोरीखाली बादली लावली.
असरच्या नमाजला येणाऱ्यांच्या
हातांचं, तोंडांचं, पायांचं पाणी,
मोंढ्यातल्या हमालाचं, पंक्चरवाल्या जुनैदचं,
रिटायर झालेल्या गार्डसाहेबांचं,
बादलीत जमत गेलं, मातकट.
मी कोळसा टाकला, मीठ टाकलं,
गुडघ्यावर बसून ओतलं.
माती आधी फुसफुसली.
मग प्यायली.
किती वेळ पीत होती!
सावडायच्या दिवशी राखेवर दूध ओतलं होतं,
त्यानंतर माझ्या हातून कशावर काही ओतलं गेलं नव्हतं.
डोळ्यांतलंही काही पडलं असेल त्यात.
मीठ तसंही लागतंच.

घरघर थांबली.
हाफिजजींनी मजुरी दिली, मी घेतली.

देवघराची वायर अजून सोडलेली नाही.
पण त्या रात्री मारुतीचा सेट खाली काढला,
खिशातला पार्ट जागेवर बसवला,
आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी,
देवळात चिटपाखरू नसताना,
घेऊन गेलो.
हात जोडावे म्हटलं, तर एका हातात माईक.
दोन वर्षांनी काय बोलायचं असतं?
मला एवढंच येतं, तेच बोललो :
"हॅलो... हॅलो...
माईक टेस्टिंग... एक... दोन..."
तीन म्हणवलं नाही.

बाहेर लिंबोळ्या वेचणारी म्हातारी
मान वर न करता ओरडली,
"यायलंय रे बाबा ऐकू. बोल."