दहावा दिवस

फिलोमिना तुस्कानोने बरणी दिली ती जिन्यातच,
ड्यूटीवर निघता निघता, खाली हॉस्पिटलची बस हॉर्न देत असताना.
लोणच्याची जुनी बरणी. तोंडाला मलमल, मलमलीला रबर.
सोबत कॅलेंडरच्या पानामागे चिठ्ठी:

रोज ढवळणे, चमचा लाकडी.
पाचव्या दिवशी एक वाटी दूध, एक साखर, एक मैदा.
झाकण घट्ट लावू नये.
दहाव्या दिवशी चार वाटे. एकाचा केक,
तीन देऊन टाकणे.

दहावा म्हटल्यावर मला आधी कावळाच आठवला.
मंदाच्या वेळी, खाडीच्या काठावर,
दीड तास आला नव्हता.
शेवटी भटजींनी दर्भाचा केला.

तुर्भ्याला मी एकतीस वर्षं फर्मेंटरवर होतो.
वीस हजार लिटरची टाकी, काचेच्या डोळ्यातून आत बघायचं,
तापमान, आम्लता, फेस,
दर तासाला वहीत नोंद.
एक पेशीसुद्धा गेटबाहेर जाता कामा नये,
बूट धुऊन मग घरी.
आता तिथे काचेची इमारत आहे. आत म्हणे माणसं कमी,
यंत्रंच जास्त, आणि त्यांना बारा महिने एसी लागतो.

आणि ही बाई जिन्यात बरणी हातात देते,
वर सांगते, वाटून टाका.

दुसऱ्या दिवशी ताडीचा वास,
तिसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या केळ्याचा.
चौथ्या दिवशी काहीच नाही.
रात्री दोनला उठून मी बरणीला कान लावला.
आत बारीक आवाज होता,
भिजत घातलेल्या चण्यांचा येतो तसा.
पाचव्या दिवशी फेस मलमलीबाहेर,
आणि माझा हात भिंतीवर व्हॉल्व्ह शोधत राहिला.

केक कुकरमध्ये केला. रिंग काढून, शिट्टी काढून, तळाला मीठ.
कडेला करपला, मधे कच्चा राहिला.
चहाबरोबर दोन्ही खाल्लं.

एक वाटा इस्त्रीवाल्या रामसजीवनला.
त्याने विचारलं, ह्याची जिलेबी होईल?
म्हटलं, होईल.
दुसरा सानपाड्याला, मेहुणीकडे.
ती म्हणाली, विरजणच की हे.
विरजणाला कुणी चिठ्ठी लावत नाही, एवढाच फरक.

तिसरा ओट्यावर राहिला,
छतावरच्या ओल्या डागाच्या बरोब्बर खाली.
वर मोकलबाईंची मोरी.
अडीच वर्षं बोलणं बंद, पत्रव्यवहार चालू.
एक प्रत त्यांना, एक सोसायटीला, एक माझ्या फाइलला.

अकराव्या दिवशी बरणी उतू आली, तेव्हा गेलो वर.
दार उघडून त्या म्हणाल्या, प्लंबर गावाला गेलाय.
मी बरणी पुढे केली.
चिठ्ठी पुन्हा उतरवून काढली होती,
लॉगबुकात लिहायचो तशी, सुटी अक्षरं, खाडाखोड नाही.
त्यांनी ती दोनदा वाचली.
कंपनीचं काही आहे का, म्हणाल्या.
नाही, म्हटलं. घरचंच.

रिकामं भांडं परत द्यायचं नसतं
हे भांडणातसुद्धा पाळतात लोक.
तीन आठवड्यांनी बरणी माझ्या दाराबाहेर.
वरच्या डब्यात चार वडे, जाळीदार, अजून कोमट.
बरणीत तळाला चार बोटं काहीतरी तपकिरी, बुडबुडणारं.
वास ओळखीचा नव्हता.
चिठ्ठी माझीच, पण खोडलेली:
मैदा खोडून तांदूळ, साखर खोडून गूळ,
आणि तीन देणे, त्याच्याखाली
हिरव्या पेनने: मी पाच दिले.

डाग तसाच आहे. बादलीही.
पहाटे ओट्याजवळ दोन आवाज येतात,
एक वरून पडणारा,
एक बरणीतला, कान लावला तरच.
पुढचं पत्र लिहून ठेवलंय, तारीख घालायची आहे.
आज चौथा दिवस.
ढवळायचं बाकी आहे.