शंभराला एक

उद्यमनगरात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी लोकांची पुढची पाच वर्षं लिहितो.
पाटीवर आहे : प्रोजेक्ट रिपोर्ट, कर्ज सल्ला.
खालून दिवसभर लेथ ओरडतात,
त्यात माझा कीबोर्ड कुणाला ऐकू येत नाही.

आधी बावीस वर्षं सूतगिरणीत हिशेब लिहिला,
म्हणजे झालेलं लिहिलं.
गिरणी बंद पडल्यावर न झालेलं लिहायला लागलो.
त्याला पैसे जास्त मिळतात.

माझ्या हातून गेलेत
हुपरीचं पैंजणांचं एक युनिट,
काकवी बाटलीत भरणारा शिरोळचा एक,
कळंब्याच्या कांदालसूण चटणीवाल्या दोघी जावा,
आणि एक पोरगा, ज्याला म्हशीच्या दुधाचं ॲप काढायचं होतं,
म्हैस कुणाची, विचारल्यावर जो गप्प बसला.
सगळ्यांना मी पहिल्या वर्षी साठ टक्के क्षमता देतो,
दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी.
माझ्या कागदावर कुणी आजारी पडत नाही.
माझ्या कागदावर पंचगंगा
पाचही वर्षं आपल्या पात्रात राहते.

नसीम शिकलगार सोमवारी आली,
कारखान्यांना सुट्टी, खाली सगळं चिडीचूप.
ओढणीच्या काठाला सागाचा भुसा.
"पॅटर्न मेकर हाय मी. दुकान अब्बांचं.
फौंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न देतो.
सीएनसी राऊटर घ्यायचाय."

विक्री बत्तीस लाख धरू?
"चौदा होत्यात."
चौदावर बँक हसेल.
"हसू दे की."

मग मी माझं नेहमीचं समजावलं,
साहेब कापतातच, म्हणून आपण वाढवून दाखवायचं,
सगळेच दाखवतात.
तिनं पिशवीतून स्टीलची एक पट्टी काढली,
माझ्या प्लास्टिकच्या पट्टीला लावून ठेवली.
शून्याला शून्य जुळलं.
तीसला तीस जुळेना.
तिची तीन मिलिमीटर पुढं.

"ओतलेलं बीड गार होताना आकसतंय.
म्हणून पॅटर्न मोठा करायचा.
पण किती? बिडाला शंभराला एक.
ॲल्युमिनियमला जरा जास्त.
ज्याला जेवढं लागतंय तेवढंच.
तुमची पट्टी कुठल्या धातूची म्हणायची?"

मी कीबोर्डकडे बघत बसलो.
लेथही नव्हता आडोशाला.

संध्याकाळपर्यंत आम्ही महिन्याचा महिना मांडला.
पहिलं वर्ष सोळा. दुसरं अठरा.
पावसाळ्यात कमी, दिवाळीआधी ओढाताण.
'जोखीम' या मथळ्याखाली
मी बोटांच्या सवयीनं टाइप केलं : बाजारातील स्पर्धा.
"ते ऱ्हाऊ दे. हे लिव्हा.
अब्बांना मोतीबिंदू झालाय, नक्षा आता मीच वाचते.
दोन फौंड्र्या तीन-तीन महिने पैसे देत न्हाईत.
मशीन बिघडलं तर माणूस पुण्याहून येणार,
तवर हातानं करायला लागंल,
करता येतंय मला, हेबी लिव्हा."

हे जोखमीत लिहायचं की बलस्थानात,
मला कळेना. दोन्हीकडे लिहिलं.

रिपोर्ट अकरा पानांचा झाला.
माझे चाळीसच्या खाली जात नाहीत.
फी सांगताना जीभ अडखळली,
तिनं मात्र मोजून दिली, पावती मागून घेतली.

बँकेचं अजून काही कळलेलं नाही.
गुरुवारी साहेब रजेवर होते.
पट्टी माझ्याच टेबलावर राहिलीय.
फोनवर म्हणाली, सोमवारी नेते,
अब्बांची हाय, वाकवू नका.

रात्री कुलूप लावायच्या आधी
सहज टेबल मोजलं.
बाराशे मिलिमीटरचं म्हणून घेतलेलं,
बारा कमी भरलं.
परत मोजलं. तेवढंच.
मग कपाट उघडलं,
आणि पहिल्यांदा हाताला लागली
ती म्हैस नसलेल्या पोराची फाईल.